बाळंतिणीच्या खोलीतलं कासव

धानाचा कोंडा पेटत नाही, धुमसतो. वर राखेची करडी, निष्पाप साय धरलेली असते आणि तिच्याखाली कातडी सोलून काढील असा लाल अंगार दिवसभर तग धरून असतो. त्या धुमसत्या कोंड्याचा गोडसर, घशाशी बसणारा वास, त्यावर भुरभुरलेल्या ओव्याचा तिखट दर्प, आणि या दोन्हींच्या खालून येणारा ओल्या मातीचा, किंचित शेवाळी असा एका थंड प्राण्याचा वास; गेल्या पौषातली आमच्या घरातली मधली खोली मला अशी नाकाने आठवते. त्या खोलीत एक बाज होती. बाजेवर माझी धाकटी बहीण शालू होती. बाजेखाली मातीची बसकी शेगडी होती, जिला आम्ही झाडीपट्टीतले लोक गोरसी म्हणतो. आणि बाजेच्या उशाशी, जिथे एरवी बाळंतिणीचं मूल सुपात निजवतात तिथे, सुपात, मायच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर एक कासव होतं. मूल नव्हतं.

मूल का नव्हतं ते आधीच सांगून टाकते, कारण आडपडदा ठेवून गोड लिहिण्याचा मला कंटाळा आहे. शालूच्या नवऱ्याने तिच्या पोटात लाथ मारली होती. ती कोरपन्याकडे नांदत होती, कापसाच्या गावात, जिथे सिमेंटच्या कारखान्यांची धूळ तुळशीच्या पानांवरसुद्धा बसते. पोटातलं बाळ हालचाल करू लागलं होतं एवढे महिने भरले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा शालू म्हणाली, "पडली मी." आमच्यापर्यंत निरोप पोचून आम्ही निघायला आमच्या वडशाच्या फलाटावर आलो, एवढ्यात ती स्वतःच दुपारच्या गाडीने उतरली. एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्या हातात सिमेंटची जुनी पिशवी. पिशवीत काहीतरी जड होतं. मी ती घ्यायला गेले तर तिने माझा हात असा झटकला की मला लागलं. रिक्षात बसल्यावर तिने पिशवीचं तोंड थोडं उघडून दाखवलं. आत काळसर पाठीवर पिवळ्या चांदण्या काढलेलं एक कासव होतं, आणि त्या चांदण्यांमधून एक भेग गेली होती.

त्या भेगेचा उगमही तोच पाय होता, किंवा त्या पायाच्या धन्याचा हात. जावयाने ते कासव पावसाळ्यात सिरोंच्याकडच्या एका माणसाकडून आणलं होतं. आमच्या या भागात एक वेड आहे. ज्या कासवाला वीस नखं असतात त्याच्यापुढे पूजा मांडली की आभाळातून पैसा पडतो, असं सांगत हिंडणारे बुवा आहेत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे शिकलेसवरलेले लोकही आहेत. जावयाने बुवाला बोलावलं. बुवाने कासवाचे पाय ओढून ओढून नखं मोजली. ती कमी भरली. बुवा चहा पिऊन निघून गेला आणि जावयाने ते कासव भिंतीवर फेकून मारलं. शालूने ते उचललं, भेगेत हळद भरली आणि न्हाणीमागच्या सरपणात लपवून ठेवलं. "कमी नखाचं" म्हणून हिणवलेला तो जीव तिने कोथिंबिरीच्या काड्यांवर आणि जास्वंदीच्या फुलांवर जगवला. घर सोडताना मंगळसूत्र, कपडे, ट्रंक, काही घेतलं नाही. ती पिशवी तेवढी घेतली.

वडसा म्हणजे गाडीचा आणि तांदळाचा गाव. थंडीत इथे दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक गिरण्यांमागे साठणाऱ्या कोंड्याचे, दुसरे नाटकांच्या जाहिरातींचे. कार्तिकापासून मंडळ्या गावोगाव निघतात आणि भोंगा लावलेली गाडी दिवसभर गल्लीतून ओरडत फिरते : आज अमुक गावी, सोसणाऱ्या सुनेची काळीज पिळवटून टाकणारी कहाणी, बायाबापड्यांनी रुमाल घेऊन यावे. शालू घरी आली त्या दुपारी ती गाडी आमच्या दारासमोरच थांबून भोंगा नीट करत होती. मी बाहेर जाऊन तिच्या चालकाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. बरोबर म्हणतात.

मायने मात्र शालूकडे एकदा पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि मधल्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं. माळ्यावरून बाज उतरवली. गोरसीत कोंडा भरला, मध्ये शेणीचा निखारा ठेवला. दाराच्या चौकटीला कडुनिंबाचा डहाळा खोचला, उशाखाली विळा ठेवला, शालूच्या कानात कापूस घालून डोक्याला फडकं बांधलं. बाळंतिणीचं जे जे करतात ते ते सगळं तिने मांडलं. शेजारच्या पारबताबाई दारातून डोकावल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "लेकरू नाई अन् शेक कायचा वं? असं करत नाई बापा कोनी."

"पोट रिकामं झालं ना?" माय म्हणाली. "मंग शेक लागते. लेकरू भेटो का नोको भेटो."

यात माया होती तशी लबाडीही होती, हे मला चार दिवसांनी कळलं. जावई आला, फटफटी दारात लावून, जणू बाजारातून येताना सहज बायकोला घेऊन जायचं राहिलं होतं. माय उंबऱ्यावर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नसतो, सव्वा महिना व्हायचा आहे, मग बघू. तो चक्रावला. लेकरूच नाही तर बाळंतीण कुठली, असं त्याला म्हणायचं असणार. पण ते म्हटलं तर लेकरू कुठे गेलं, हा पुढचा प्रश्न त्याच्याच अंगावर आला असता. तो कडुनिंबाच्या डहाळ्याकडे बघत राहिला आणि परत गेला. पोलिसांची भीती नसलेला, गावाची लाज नसलेला माणूस एका डहाळ्याला अडला. मला हसू आलं, आणि मग इतका संताप आला की मी परसातल्या धुण्याच्या दगडावर बादली आपटून फोडली.

पोलिसात जाऊ, असं मी रोज म्हणत होते. शालू रोज भिंतीकडे तोंड करत होती. "पडली मी," एवढंच. जबरदस्ती करून तिला तिथे नेलं असतं तरी तिने तेच सांगितलं असतं.

त्या पौषात थंडी वैनगंगेवरून धुक्याचे लोट घेऊन यायची. सकाळी अंगणातलं भाताच्या पेंढ्याचं तणीस दहिवराने भिजलेलं असायचं आणि ऊन वर यायला इतका वेळ लावायचं की त्याचाही राग यावा. कासवाने पाय आत ओढले ते ओढलेच. हातात घेतलं की विहिरीतून काढलेल्या दगडासारखं गार लागायचं. डोळे मिटलेले, नाकाशी एक बारीक बुडबुडा. जास्वंदीचं फूल तोंडाशी धरलं तर ते फूल तिथेच सुकून जायचं. आणि ते सुकलेलं फूल शालू डोळे न हलवता बघत बसायची. माय तिच्यासमोर मेथीचा लाडू ठेवायची. तो लाडूही तसाच. दोघींना जेवू घालण्यात दिवस जायचा आणि दोन्ही ताटं तशीच परत यायची. शालू एकदाच बोलली, "बाई, थे मेलं तं मी उठून जाते कोरपन्याले." मी तिची मोठी बहीण, ती मला बाई म्हणते. तिचा आवाज इतका सपाट होता की ती खरंच जाईल याची मला खात्री पटली. त्या दिवसापासून त्या थंड दगडाला जिवंत ठेवणं हे आमच्या घरातलं एकमेव काम झालं.

मायने कासवालाही बाळंतीणच ठरवलं. नर का मादी कुणालाच ठाऊक नव्हतं, पण माय त्याला पोट्टी म्हणू लागली. "पोट्टीले थंडी बाधली" असं म्हणत तिने त्याच्या पाठीला कोमट तेल चोळलं, भेगेवर पुन्हा हळद दाबली, आणि एका सकाळी गोरसीवर ओवा-शेपा टाकून सूप त्या धुरीवर धरलं. आमच्याकडे प्रत्येक तान्ह्या मुलाला अशी धुरी देतात. मीही त्याच धुरात वाढले आहे. पण कासव म्हणजे तान्हं मूल नव्हे. त्याने अचानक मान बाहेर काढली, तोंड आ वासलं आणि घशातून असा एक आवाज काढला की शालू बाजेवरून उडी मारून खाली आली. आठवडाभर जिने कूससुद्धा स्वतःहून बदलली नव्हती तिने मायच्या हातातलं सूप हिसकावलं आणि अंगणात धावली. "मारून टाकते का तिले?" ती मायवर ओरडली. "तुमी सारे मारूनच टाका!" माय ओव्याची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. मायेच्या हातूनही जीव गुदमरतो, हे तिला त्या वयात कुणी सांगायला नको होतं.

धुरी बंद झाली. मी शाळेतल्या एका सोबतिणीच्या भावाला, जो जंगलखात्यात होता, विचारलं. तो म्हणाला की असलं कासव घरात ठेवणं मुळातच गुन्हा आहे, पण या गारठ्यात ते सोडलं तर वाचायचं नाही. थंडी सरेपर्यंत धूर न देता ऊब द्या आणि चैत्रात आमच्या ताब्यात द्या. मग आम्ही वीट तापवून पोत्यात गुंडाळायला लागलो. सुपाची जागा लाकडी खोक्याने घेतली. खोक्यात कोरडा कोंडा, एका कोपऱ्यात वीट, दुसरा कोपरा मोकळा, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता यावं. दुपारी ऊन अंगणात आलं की खोकं उन्हात, ऊन भिंतीवर चढलं की खोकं आत. वीट निवली की दुसरी. शालूच ते करू लागली. ती उठली ती अशी, विटांसाठी.

लोक सल्ले द्यायला येतच होते. रात्री ज्या बायकांनी मांडवात बसून सोसणाऱ्या सुनेसाठी रुमाल भिजवले होते, त्याच सकाळी आमच्या ओसरीवर येऊन सुजलेल्या डोळ्यांनी शालूला सोसायला सांगत होत्या. देवळात पोथी वाचणारे एक आजोबा आले. खोक्यातलं कासव पाहून त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, "पाय पोरी, कासव कसं सारं अंग आत घेते. बाईच्या जातीनं यापासून शिकावं." मी त्यांना विचारलं, आणि ज्याने भिंतीवर आपटलं त्याने कशापासून शिकावं? आजोबा माझ्याकडे बघून हसले, लहान मुलीकडे बघावं तसे. मी चाळिशीला आले आहे.

आमच्या या मुलखात वाघाने माणूस मारला तर सगळं जग जागं होतं. पंचनामा होतो, पिंजरा लागतो, झाडाला कॅमेरे बांधतात, रस्ता अडवून लोक बसतात, आणि ते योग्यच आहे. सकाळी सरपणाला गेलेल्या बाईची एक चप्पल तेवढी सापडते, अशा बातम्या वाचून आमचीही बोटं गार पडतात. पण वाघाला निदान भूक असते. ज्या बाईला घरातला माणूस भूक नसताना, जेवून उठल्यावर, हात धुऊन मारतो, तिच्या चपला दारातच असतात आणि कुणाला काही दिसत नाही. शालूच्या पाठीवर, माय तेल लावायला बसली की मला जुने वळ दिसायचे, काही पिवळे पडलेले, काही जांभळे. एकाला बकलाचा आकार होता. मी ते बघायचे आणि मला माणूस मारावासा वाटायचा. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. मी मनात त्या माणसाला कितीतरी तऱ्हांनी मारून पाहिलं होतं, फळ्यावर कविता लिहिता लिहिता.

संक्रांत गेली. ऊन थोडं दाट झालं. पळसाला अजून अवकाश होता, पण मोहाच्या झाडाखालची माती दुपारी तापल्यासारखी वास देऊ लागली होती. आणि एके दिवशी शाळेतून आले तर घरातून ठक्, ठक् असा आवाज येत होता, कुणी आतून दार ठोठावावं तसा. कासव खोक्याच्या फळीवर धडका मारत होतं. मान आत, खांदे पुढे, चार पावलं मागे सरकायचं आणि सगळं वजन टाकून आदळायचं. समोर पपईची फोड होती, ती अर्धी खाल्लेली. मी हात पुढे केला तर फुस्स केलं आणि माझ्या बोटालाच धडक दिली. मला हा प्राणी गरीब वाटत आला होता. सगळ्यांनाच वाटतो. पण ऊब अंगात मुरल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर भांडण काढलं.

शालूचंही त्याच सुमाराला बिनसलं. निदान आम्हाला तसं वाटलं. ती जेवायला लागली होती, पण जेवताना ताट आपटायची. कढत काढ्याचा पेला तिने एकदा भिंतीवर फेकला. पारबताबाई पुन्हा सोसण्याचं सांगायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "निघा इथून, नाई तं झाडू घेते." माय परसात जाऊन रडली. "पोरीचं डोकं फिरून राह्यलं वं," ती मला म्हणाली. मलाही भीती वाटली. रडली असती, गळ्यात पडली असती, तर बरी होते आहे असं आम्ही समजलो असतो. ती तर जवळ येईल त्याला ओरबाडत होती.

आणि सव्वा महिना संपत आला. मायची चूक मला तेव्हा दिसली, आणि तिलाही. तिने लेकीभोवती रीतीरिवाजाची भिंत बांधली होती, पण त्या भिंतीला दुसऱ्या बाजूने दार होतं. बाळंतीण न्हाली, बाजेवरून उठली, की नवरा तिला न्यायला येतो, मान त्याचाच. माय दिवस पुढे ढकलू पाहत होती. आज वार चांगला नाही, उद्या अमावास्या. पण गाव दिवस मोजतं. जावई माघातल्या एका सकाळी आला, या वेळी फटफटीवर मागे त्याचे काकाजी, हातात पेढ्यांचा पुडा आणि पिशवीत नवी साडी. दोघे ओसरीवर बसले. काकाजी गोड बोलले. "झाला ना बाई सव्वा महिना? सूनबाईले जन्मभर बाजीवरच ठेवता का आता? झालं गेलं होत राह्यते. घर हाये, भांड्याले भांडं लागते."

माय उंबऱ्यावर उभी होती. दारावरचा डहाळा कधीच वाळून गेला होता. जावई उठला, तिच्या बाजूने सरकला आणि आत गेला. मी मागोमाग धावले.

खोलीत उन्हाचा एक पट्टा होता. गोरसी शालूने नुकतीच फुंकून बाजेखालून बाहेर ओढली होती, त्यावर वीट तापत होती. कासव जमिनीवर मोकळं होतं. जावई दारात थांबला. त्याचा आवाज मऊ होता, मला तो मऊ आवाज अजून ऐकू येतो. "चल शालू. साडी आनली तुह्यासाठी." मग त्याचं लक्ष खाली गेलं. "हे कमी नखाचं अजून जित्तं हाये?" तो हसला, आणि पायाच्या अंगठ्याने, अगदी सहज, त्याने कासव उलटं केलं. ते पाठीवर पडलं आणि चारी पाय हवेत मारू लागलं. भेगेतली हळद जमिनीवर सांडली.

तोच पाय होता. त्या क्षणी आम्हा तिघांनाही, त्यालासुद्धा, तो पाय कोणता ते माहीत होतं.

शालू वाकली. तिने गोरसी उचलली, दोन्ही हातांनी, कडांना धरून, तापलेल्या विटेसकट. धरायला फडकं घ्यावं असं तिच्या मनातही आलं नाही. तिने ती त्याच्या त्या पायावर घातली. माती फुटल्याचा आवाज, विटेचा आवाज, आणि मग त्याचा आवाज. राख उडून खोली करडी झाली. त्याच्या पँटचं कापड चरचरत कातडीला चिकटलं. तो कोसळताना त्याने शालूचे केस पकडले आणि तिचं डोकं बाजेच्या खुरावर आपटलं, एकदा, मग पुन्हा. मी त्याच्या मनगटाला चावले. होय, चावले, आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. मग अचानक त्याची पकड सुटली. वर पाहिलं तर मायने उशाखालचा विळा काढला होता आणि तो त्याच्या मानेशी धरला होता. "भूतबाधेसाठी ठेवला होता," ती म्हणाली. "ऊठ. निघ."

तो उठला. काकाजी ओसरीवर पेढ्यांचा पुडा छातीशी धरून ओरडत होते, घर बुडवलं, जात बुडवली, काय काय बुडवलं. लंगडत, शिव्या देत तो फटफटीपर्यंत गेला. "पोलिसात जातो," तो म्हणाला. "जाळलं मले. साऱ्याइले आत टाकतो." काकाजींनी फटफटी चालू केली.

घरात शालू गुडघ्यांवर बसली होती. तिचे तळवे लाल झाले होते, कुठे पांढरे पडले होते. भुवईवरून रक्त खाली येत होतं. त्या हातांनी, बोटं न लावता, मनगटांनी ढकलून, तिने आधी कासव सुलटं केलं. मायने मडक्यातलं गार पाणी तिच्या हातांवर धरलं, मग स्वच्छ फडकं गुंडाळलं. माय आता रडत होती. शालू रडत नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चाल बाई. तो आपलंच नाव सांगल. त्याच्या आधी पोचू."

घराला कुलूप घालून आम्ही तिघी निघालो. ठाण्यात खिडकीशी एक हवालदारीण बसली होती. उन्हात तिच्या टेबलावर धूळ तरंगत होती. तिने शालूच्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, काय झालं, पडली काय? हा प्रश्न दवाखान्यात विचारला होता, गाडीत विचारला होता, ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक बाईने विचारला होता. त्याचं उत्तर शालूच्या जिभेवर इतकं बसलं होतं की ते आपोआप निघेल असं मला वाटलं.

"पडली नाई," शालू म्हणाली. "नवऱ्याले जाळलं मी. थे लिवा. अन् काऊन जाळलं थे बी लिवा. पयल्यापासून सांगते."

ती पहिल्यापासून सांगत गेली. हवालदारीणबाईने मध्येच पेन खाली ठेवून तिला पाणी दिलं. दवाखान्यात मलमपट्टी करून आम्ही घरी निघालो तेव्हा ऊन कलत होतं. पुढे काय होणार ते काहीच ठाऊक नव्हतं, आजही पूर्ण ठाऊक नाही. तिच्यावरही गुन्हा लागला आहे, त्याच्यावरही, आणि आम्ही तारखांना जातो. चैत्रात जंगलखात्याची माणसं येऊन कासव घेऊन गेली. शालूच्या तळव्यांवर आता नवी, गुळगुळीत, ओढलेली कातडी आहे. थंडी पडली की ती ठणकते.

मी आयुष्यभर असं समजत आले की ऊब दिली की जीव मऊ होतो, कुशीत येतो. मुलांच्या वह्यांत मी हेच वाक्य कितीदा बरोबर ठरवलं असेल. पण गारठलेल्या जिवात पहिल्यांदा काय परत येतं ते मी त्या पौष-माघात डोळ्यांनी पाहिलं, आणि तो राग होता. आम्ही महिनाभर विटा तापवून नेमकं काय राखत होतो, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

त्या जबाबाच्या दिवशी आम्ही तिघी घरी परतलो तर गल्ली शांत होती. नाटकाची गाडी आली नव्हती. पारबताबाई आपल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. मायने कमरेची किल्ली काढली, आणि आतून आवाज आला. ठक्. मग सरपटण्याचा आवाज, मागे जाण्याचा. मग पुन्हा ठक्, दाराच्या खालच्या फळीवर, इतका जोरात की कडी हलली. माय किल्ली लावायला पुढे झाली तर शालूने कोपराने तिला थांबवलं. ती दारापाशी वाकली, दोन्ही बांधलेले हात छातीशी धरून, आणि आतल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मार. अजून मार. उघडतोच आमी."